शेरा : दार बंद

फोंड्याच्या मागच्या टेकाडावर
खात्याच्या नकाशात अजून काजूच आहेत.
मी दर महिन्याला त्या काजूंचं रीडिंग घेऊन येतो.

वाट म्हणजे पाइपांचा जुडगा.
निळा पाणी आणतो, काळा घाण नेतो,
उन्हानं दोन्ही पांढरे पडलेत,
आता कुठला कोणता ते तिथल्या पोरांनाच ठाऊक.
घरांच्या नंबरांना फांद्या फुटलेल्या :
दोनशे चौदा, दोनशे चौदा-अ,
दोनशे चौदा-अ चा एक, त्याचा पोटभाग ब,
आणि पुढे चिऱ्यावर खडूनं नुसतंच
'मागे'.

'मागे'मध्ये निंगव्वा राहते.
पहाटे तीनला तिचा ग्राइंडर घरघरतो,
सहाला इडलीचं पीठ बाजारातल्या तीन हॉटेलांत.
आठला ग्राइंडरवर पोतं टाकून
सून ब्लाउज शिवायला बसते.
दुपारी त्याच फळीवर चार पोरं पाढे म्हणतात,
दोन कन्नडमधून, एक हिंदीतून, एक कोंकणीतून,
सात सत्ते मात्र सगळ्यांचे एकोणपन्नासच.
रात्री फळी भिंतीला उभी, आणि सात माणसं आडवी.
आठवा रात्रपाळीला जातो
म्हणून सात मावतात.

माझ्या यंत्रात दोन बटणं.
घरगुती. व्यापारी.
मी विचारलं, निंगव्वा, ही जागा कसली?
ती हात पुसत म्हणाली,
किती वाजताची सांगू?

पलीकडे मुनीफची वेल्डिंगची शेड.
टेकाडावरचा शेवटचा काजू तिथे
पत्र्यातल्या भोकातून वर काढलाय.
चैत्रात बोंडं पत्र्यावर ठप्प ठप्प पडतात,
ठिणग्यांत तो वास करपतो.
सांतान भाटकार भाड्याबरोबर
बियासुद्धा मोजून नेतो.
जमीन आजोबांची, असं सांतान म्हणतो,
आमची, असं कोमुनिदाद म्हणते,
डोंगर काही म्हणत नाही,
श्रावणात बोटभर खाली सरकतो.

पायथ्याशी सात मजल्यांची नवी इमारत.
अठ्ठेचाळीस फ्लॅट, लिफ्टमध्ये आरसा,
वॉचमन मला वहीत सही करायला लावतो.
एकतीस मीटर गेल्या पावसाळ्यापासून एका आकड्यावर.
तिथे मी खरंखुरं लिहितो :
दार बंद. दार बंद. दार बंद.
मालक दिल्लीचे, पुण्याचे, नाताळात येतात,
भिंतींना बुरशी आली की
ती पुसायला निंगव्वाचीच सून जाते.
रोजंदारीवर. हे कुठल्या बटणात बसतं?

मला काय, मी मुंडकाराचा मुलगा.
घराला नंबर मिळेपर्यंत बाबांनी
अकरा वर्षं कंदिलाची काच पुसली.
आता आमच्या ओसरीला प्लायवूड ठोकून
झारखंडची दोन पोरं ठेवलीत,
भाडं आई उशीखाली ठेवते.
त्या ओसरीचं बटण
मी आजवर दाबलेलं नाही.

या महिन्यात परिपत्रक आलंय,
प्रत्यक्ष वापर तपासा, फोटो जोडा.
मी 'मागे'समोर उभा.
आत ग्राइंडर, मशीन, फळी, पाळणा,
जिलेटिनच्या पडद्यातून हिरवट झालेलं ऊन
सगळ्यावर सारखंच पडलेलं.
फोटो काढला. पुसला.
पाठ वळवून यंत्रात शेरा भरला,
कागदाची चिठोरी फाडून दिली.

निंगव्वाच्या नातीनं बोट ठेवत वाचलं,
शाळेत मराठी शिकते ती,
दा-र, बं-द.
मग पडदा बाजूला करून
तिनं चौकटीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.
अज्जी, म्हणाली, आपल्याला दार आलंय?

निंगव्वा हसली नाही.
पिठाचा डबा पुढे केला, मी नको म्हटलं,
तिनं ऐकलं नाही.
उतरताना तो पिशवीत हिंदकळत होता,
झाकणाखालून आंबत, फुगत,
आणि अजून सतरा मीटर राहिले होते.